बंद गाडीचे चौदा किलोमीटर

देवरावकाका,

'काका' ही हाक तुम्ही माझ्या तोंडून कधी ऐकली नाहीत. कागदावर तुम्ही 'अर्जदार' होतात आणि समोर आलात की 'अहो'. तुम्ही मला पहिल्या भेटीपासून शेवटच्या भेटीपर्यंत 'मॅडम' म्हणत राहिलात. त्यात ना लाडीगोडी होती, ना राग. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि अर्जदाराशी असं बोलता येत नाही.

तुम्ही गेल्याचं मला टपालातून कळलं. तुमच्या मुलीचा, मंगलाचा, अर्ज माझ्या टेबलावर आला होता. वडिलांच्या बंद गाडीचा भरलेला कर परत मिळण्याबाबत पुन्हा विचार व्हावा, असा. सोबत तुमच्या मृत्यूचा दाखला. खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी मी त्या दाखल्यावरचा शिक्का नीट पाहिला. कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग तारीख पाहिली, मग नाव. आणि त्यानंतर कुठे माझ्या लक्षात आलं की बोरी अरबच्या त्या टिनाच्या गोठ्यापाशी आता तुम्ही उभे नसणार.

मी अशी का आहे, हे तुम्हाला सांगायची कधी वेळ आली नाही. माझे वडील कचेरीत अव्वल कारकून होते. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं तरी तो माणूस गेल्यावर वडील म्हणायचे, याचं आपल्याकडे काय काम असेल? आमच्या घरात संशयाला सावधपणा म्हणत. पुढे मी मोटार वाहन निरीक्षक झाले आणि घरातली सवय नोकरीत कामाला आली. घासून पुन्हा ठोकलेले चेसिस नंबर मला लांबून कळतात. खोट्या विम्याचा कागद हातात घेतला की बोटांना कळतो. लोक मला खडूस म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडं बरंही वाटायचं.

तुमची गाडी म्हणजे काळी-पिवळी जीप, दारव्हा ते बोरी अरब सीट भरून चालणारी. अशा गाडीचा कर आगाऊ भरलेला असतो. मालकाला काही महिने गाडी बंद ठेवायची असेल तर त्यानं आधी लेखी कळवायचं, ती कुठे उभी राहील ते सांगायचं, आरसी आणि परमिट ऑफिसात जमा करायचं. मध्ये आमच्यापैकी कोणीतरी न सांगता जाऊन बघायचं. गाडी खरंच बंद राहिली असेल तर तेवढ्या महिन्यांचा कर परत मिळतो. चाललेली सापडली तर परतावा नाही आणि वर दंड. नियम साधा आहे. कागदावर बंद आणि बाजाराच्या दिवशी टपावर माणसं बसवून चालू, अशा कितीतरी गाड्या मी पकडल्या आहेत.

तुमच्या अर्जात गाडी बंद ठेवण्याचं कारण दोनच शब्दांत होतं. घरगुती अडचण. मी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. लोक लिहितात, इंजिनाचं काम निघालं, मालक आजारी आहे, ड्रायव्हर मिळत नाही. अडचण नुसतीच घरगुती असेल तर ती आम्हाला दाखवायची नाही, असा मी तिचा अर्थ लावला.

पहिल्यांदा आले तेव्हा कापूस वेचणीला आला होता. गाडी रस्त्याच्या कडेला लावून मी उतरले, आणि शेताच्या तोंडाशी लावलेल्या बोराटीच्या काट्या बाजूला सारत तुम्ही मला आत घेतलंत. गोठा थोडा आत होता. तुम्ही मला उभ्या कपाशीतून नेलंत. "हळू या मॅडम, पऱ्हाटी धरते," म्हणालात आणि पुढे होऊन हातांनी फांद्या दूर करत चाललात. माझी खाकी बाही दोनदा अडकली. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं चांगली मोकळी पट्टी दिसत होती. मनात आलं, हा माणूस मला तिकडून का नेत नाही?

गोठ्यात बैल नव्हते. जीप उभी होती, आणि ती बंद गाडीसारखी अजिबात दिसत नव्हती. चारही चाकांत हवा पूर्ण, काचा पुसलेल्या, पुढच्या सीटवर धुतलेली चादर. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. विचारलं, बंद गाडीचं बॉनेट गरम कसं?

"टिनाखाली सारंच तापते मॅडम," तुम्ही म्हणालात. "थे कोपऱ्यातली पाण्याची टाकी हाय ना, तिले हात लावून पाहा."

मी टाकीला हात लावला नाही. टाकीही गरम निघाली असती तर माझा एक मुद्दा कमी झाला असता.

मग मी विचारलं, घरगुती अडचण म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, घरची हाय मॅडम. जणू मी शब्दाचा अर्थ विचारला होता. मी मीटरवरचा आकडा लिहून घेतला, तुमची सही घेतली. निघताना तुम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगांची ताटली पुढे केलीत. मी नको म्हटलं. तपासणीला आलेल्यानं मालकाकडचं काही खाऊ नये, हा माझा नेम. तुम्ही आग्रह केला नाहीत. ताटली खाली ठेवलीत, एक शेंग सोललीत आणि माझ्यासमोर उभं राहून शांतपणे खाल्लीत. परत येताना मी विचार करत होते, की अपमान वाटलेला माणूस असा खात नाही. मग हा इतका निवांत कशाच्या जोरावर?

दुसऱ्यांदा आले ती सकाळी. एकोणपन्नास दिवसांनी. गोठ्याशी पोचले आणि मला वाटलं, आज पकडलं. पुढच्या सीटवर एक बाई बसली होती. इस्त्रीचं लुगडं, केसांना तेल, मांडीवर कापडाची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. तुम्ही गाडीच्या पलीकडून फडकं घेऊन आलात.

"ही बाई कोण?"

"मंडळी हाय माही."

मला हसू आलं. पकडलेल्या गाडीतले सगळे प्रवासी मालकाचे नातेवाईक असतात. मामा असतो, मावशी असते, साडूचा भाऊ असतो. आजवर एकाही गाडीत मला परका माणूस सापडलेला नाही. मी तुम्हाला सोडून त्या बाईकडे वळले आणि विचारलं, कुठे निघालात?

"नेरले," त्या म्हणाल्या. "मायच्या घरी. हे नेऊन राह्यले ना. तुमीबी चला, मांगं जागा हाय."

तुम्ही डोळे मिटलेत. ते मी पाहिलं, आणि माझ्या हिशेबात ती कबुली होती. मी आत वाकून मीटर पाहिलं. मागच्या आकड्यात चौदा किलोमीटरची भर पडली होती. तुमच्यासमोर वही धरली.

"रोडवर नाही नेली मॅडम," तुम्ही म्हणालात. "एक चाकबी रोडवर नाही ठेवलं."

"मग हे चौदा किलोमीटर कुठे गेले?"

तुम्ही आधी त्यांच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. तुमचे ओठ हलले होते, काका. तुम्ही बोलणार होतात. मी किती वेळ थांबले असेन? दोन श्वास, त्याहून जास्त नाही. माझ्या पेनाचं टोपण आधीच निघालेलं होतं.

"लिहा तुमी," तुम्ही म्हणालात, "तुमाले जे लिहाचं असन थे."

मी लिहिलं. वाहन वापरात असल्याचे आढळले. पुढील आसनावर एक महिला प्रवासी, गंतव्य ठिकाण नेर. तुम्ही न वाचता सही केलीत. न वाचता सही करणारा माणूस एकतर भोळा असतो किंवा त्याला आत काय आहे ते आधीच माहीत असतं. मी दुसरं धरलं.

त्यानंतर जे झालं ते मी कोणत्याच कागदावर लिहिलेलं नाही. रस्त्यावर उभी असलेली आमची ऑफिसची गाडी सुरू होईना. ड्रायव्हरनं दहा वेळा सेल मारला. तुम्ही आवाज ऐकून आलात, काट्या ओलांडून, मघाच्याच फडक्याला हात पुसत. म्हणालात, डिझेलच्या लाइनीत हवा धरली हाय. बॉनेट उघडून पंप मारलात, एक नट ढिला केलात, बुडबुडे जाईपर्यंत थांबलात, नट आवळलात. गाडी पहिल्याच सेलला लागली. तुमच्या परताव्यावर पाणी फिरवणारा कागद माझ्या मांडीवरच्या फाइलीत होता, आणि तुम्हाला ते माहीत होतं. मी आभार मानले नाहीत. गाडी निघाली आणि मी मनात आणखी एक ओळ लिहिली: अर्जदाराच्या हातांना डिझेलचा ताजा वास. तो वास आमच्याच गाडीच्या डिझेलचा होता, हे बोरी अरब मागे पडल्यावर सुचलं. तरी ती ओळ मी मनातून खोडली नाही.

अर्ज नामंजूर झाला. दंड लागला. तुम्ही ऑफिसात येऊन भरलात, आणि मग माझ्या टेबलापाशी आलात. मला वाटलं, आता भांडण. खुर्ची पुढे ओढून मी तयार बसले. अपिलाला मुदत आहे, असं मीच सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम होतं.

"अपील कायले करू मॅडम? तिथं साऱ्याइसमोर सांगा लागन."

"काय सांगावं लागेल?"

"जाऊ द्या," तुम्ही म्हणालात. मग एवढंच विचारलंत, की कर भरत राहिलो आणि गाडी शेतातच उभी ठेवली तर चालेल ना? मी म्हटलं, कर भरल्यावर गाडी कुठे उभी करायची हा तुमचा प्रश्न. तुम्ही हात जोडलेत आणि जिना उतरून गेलात. ती आपली शेवटची भेट. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी म्हटलं, पाहिलंस, आता उजळ माथ्यानं धंदा करेल.

म्हणून मंगलाचा अर्ज आला तेव्हा मी तो सरळ मनानं वाचला असेल, असं समजू नका. तिनं लिहिलं होतं की बाबांनी गाडी रस्त्यावर कधीच नेली नाही, आईला बसवून ते शेतातल्या शेतात फिरवायचे, आईची तब्येत ठीक नसते. वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? गोष्ट चांगली रचली आहे. मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही, हे वारसांना बरोबर कळतं. मी फाइल बाजूला ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा ओढली. 'एक चाकबी रोडवर नाही ठेवलं' हे वाक्य मला आठवत राहिलं. खोटं बोलणारा माणूस म्हणतो, गाडी चालवली नाही. तुम्ही तसं म्हटलंच नव्हतं. तुम्ही फक्त रोड म्हणाला होतात, आणि मी ते ऐकूनही ऐकलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी बोरी अरबला आले. न सांगता, नेहमीसारखी. मंगला तुमच्या तेरवीपासून तिथेच राहिली होती. मी कोण ते तिनं ओळखलं, मी नाव न सांगता. पाणी विचारलं नाही.

"आता काय पाहाले आल्या?" ती म्हणाली.

मी म्हटलं, अर्जात लिहिलंय ते. मग गोठ्याच्या सावलीत उभ्या उभ्या तिनं जे सांगितलं ते तुम्ही मला दोन श्वासांत सांगू शकला नसतात, हे मला आता कळतं.

काकूंना विसर पडायला लागला त्याला दोन वर्षं झाली होती. आधी भांडी, मग दिवस, मग माणसं. मग त्या रोज सकाळी तयार होऊन दारात बसू लागल्या. नेरला जायचं, माय वाट पाहत असेल. नेरचं घर कधीचं विकलेलं, माय जाऊन कितीतरी वर्षं झालेली. पहिल्यांदा तुम्ही खरं सांगितलंत. त्या ढसाढसा रडल्या, जणू माय त्याच सकाळी गेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा खरं उत्तर, पुन्हा तेच रडणं. तिसऱ्या दिवसापासून तुम्ही खरं सांगणं सोडलंत. एकदा तुम्ही फेरीवर असताना त्या एकट्याच निघाल्या, आणि तुम्हाला सापडल्या त्या नाल्याच्या पुलावर, पायात चप्पल नाही, शेजारून ट्रक जाताहेत. त्या आठवड्यात तुम्ही गाडी बंद ठेवायचा अर्ज दिलात. कारण: घरगुती अडचण.

आणि मग रोज सकाळी तुम्ही त्यांना पुढच्या सीटवर बसवायचात. चला, नेरले जाऊ. पहिल्या गियरमध्ये धुऱ्याच्या कडेनं एक फेरी. फेरी पुरी होईतो त्या कुठे निघालो होतो ते विसरलेल्या असत. गोठ्याशी गाडी थांबवून तुम्ही म्हणायचात, आलं घर. त्या उतरून आपल्याच घरात पाहुणीसारख्या जायच्या आणि तुम्ही त्यांना पाणी आणून द्यायचात.

"मलेबी मालूम नव्हतं," मंगला म्हणाली. "माह्या सासरी उमरखेडले फोन करत तं म्हनत, आई बरी हाय. दिवाळीले आली तवा डोळ्यानं पाह्यलं." मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही त्यांनी? तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी लिहिलं असतं ना. आईचं डोकं फिरलं, असं सरकारी कागदावर पाहिजे होतं काय त्याइले? गावात कोनाले सांगतलं नव्हतं त्याइनं."

मला तिचंही पटलं नाही, काका. मी म्हटलं, कुठून फिरवायचे ते दाखवा. तिनं बोट दाखवलं, ती तीच मोकळी पट्टी. दोन्ही वेळा ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी ती बैलगाडीची वाट समजले होते. तुमच्याकडे बैल नव्हते. गोठ्याजवळच्या एकरभर तुकड्याला चारही बाजूंनी ती पट्टी पेरणीच्या वेळीच सोडलेली होती, आणि तिच्यात दोन समांतर चाकोऱ्या, सारवलेल्या अंगणासारख्या घट्ट. बॅगेतून टेप काढला. दोन चाकोऱ्यांमधलं अंतर मोजलं, मग जीपच्या चाकांमधलं. जुळलं. पूर्ण फेरी मोजली, मंगलाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून. दोनशे साठ मीटर. चौदा किलोमीटरला अशा त्रेपन्न-चोपन्न फेऱ्या होतात. माझ्या दोन भेटींमध्ये दिवस होते एकोणपन्नास.

चार-पाच फेऱ्या जास्त होत्या. मी तेही विचारलं. मंगला म्हणाली, एखाद्या दिवशी आई उतरतच नाही, तवा अजून एक. खरं असेल. नसेलही. त्या चार-पाच फेऱ्यांचा हिशेब मला आजही लागलेला नाही. शेताच्या तोंडाशी जाऊन मी काट्यांखालची जमीनही पाहिली. तिथे चाकाची एक खूण नव्हती, गुडघाभर गवत वाढलेलं होतं. पण ते आज. तेव्हा त्या काट्यांतून मी दोनदा आत आले होते आणि दोन्ही वेळा खाली पाहिलं नव्हतं. मला गाडीच पाहायची होती ना.

आणि त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला पऱ्हाटीतून नेलंत ते मुद्दामच, हे आता नक्की झालं. चाकोरी मला दिसू नये म्हणून. तुम्ही लपवत होतात, हा माझा संशय बरोबर होता. काय लपवत होतात, एवढंच चुकलं.

परत येताना मला तुमचा राग आला. खरंच आला. एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं? बायकोला विसर पडतो म्हणून शेतात फिरवतो, बस. दंड वाचला असता, परतावा मिळाला असता, मला आज हे लिहावं लागलं नसतं. गाडीत मी तुमच्याशी असं भांडत होते, आणि भांडता भांडता थांबले. कारण तुम्ही ते वाक्य बोलला असतात तर मी काय लिहिलं असतं, ते मला माहीत आहे. 'अर्जदाराने पत्नी आजारी असल्याची सबब सांगितली.' सबब. हाच शब्द. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत त्या दोन श्वासांत, तेव्हा तो शब्द तुम्हाला दिसला असणार.

सोमवारी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, या प्रकरणात पुरवणी अहवाल द्यायचा आहे. त्यांनी फाइल चाळली, जुन्या अहवालाखालची सही पाहिली आणि चष्म्यावरून मला विचारलं, स्वतःच्याच अहवालाविरुद्ध? मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं की असं करायचं तर आधी काय पाहायचं राहिलं, याचा लेखी खुलासा द्यावा लागेल. मी दिला. जागेची पाहणी केली नाही. शेतातून रस्त्यावर येणारी वाट तपासली नाही. महिलेची ओळख पटवली नाही, शेजारी कोणाला विचारलं नाही. अर्जात ठिकाण 'स्वतःचे शेत' असं दिलेलं होतं आणि वाहन त्या शेताबाहेर गेल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नव्हता. काकूंच्या आजाराबद्दल मी एक शब्द लिहिला नाही. 'घरगुती कारणासाठी वाहन शेतातच हलवले' एवढंच लिहिलं. साहेबांनी विचारलं, घरगुती कारण म्हणजे? मी म्हटलं, घरचं आहे, साहेब.

त्यांनी आणखी विचारलं नाही. काही आठवड्यांनी आदेश फिरला. दंड रद्द झाला, परतावा काकूंच्या नावे मंजूर झाला. मला लेखी समज मिळाली. ती योग्य होती, ती मी घरी नेऊन वडिलांच्या जुन्या कागदांच्या पेटीत ठेवली आहे.

मंगला आईला उमरखेडला नेणार होती. एस.टी.त काकू बसत नाहीत, भाड्याच्या गाडीत ओरडतात; फक्त तुमच्या जीपमध्ये बसतात. म्हणून मंगलानं गाडी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज दिला, पुढचा कर भरला. आरसी आणि परमिट घ्यायला तिला आमच्याकडे यावं लागलं असतं. मी ते कागद सहीनं ताब्यात घेतले आणि घेऊन आले. त्या दिवशी मंगलानं मला पाणी दिलं. तुरीच्या शेंगांचा मोसम कधीच सरला होता.

तिचा नवरा चाकांची हवा बघत होता. मंगला आत कुलपं लावत होती. काकू पुढच्या सीटवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, तेल लावलेले केस. मी खिडकीशी उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखण्याचं काही कारणही नव्हतं. थोडा वेळ त्या समोर पाहत राहिल्या, मग चालकाच्या रिकाम्या सीटकडे, मग माझ्याकडे.

"थे कुठी गेले?"

मंगलाला हाक मारावी असं वाटलं. पण मंगलानं सांगितलेलं ते रोजचं रडणं आठवलं. नोकरीत मी कोणाची सबब ऐकून घेतली नाही आणि कोणाला दिलीही नाही. तरी मी म्हटलं, दारव्ह्याला गेलेत काकू, येतीलच एवढ्यात.

त्यांनी मला नीट पाहिलं. आधी चेहरा, मग हात, मग पायातले बूट, मग पुन्हा चेहरा. इतक्या वर्षांत मी कितीजणांना असं पाहिलं असेन. माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

"तुमी पाह्यलं का त्याइले जातानी?"

"नाही काकू," मी म्हणाले. "मी पाहिलं नाही."